मे १९३० : सोलापूर खरंच स्वतंत्र होतं का?

सोलापुरात १९३० च्या मे महिन्याचा विषय निघाला की एक दावा हमखास ऐकू येतो : देश १९४७ साली स्वतंत्र झाला, आमचं गाव त्याच्या सतरा वर्षं आधीच होऊन बसलं होतं. किती दिवस, यावर एकमत नाही. कुणी तीन सांगतं, कुणी चार. बाहेरगावच्या माणसाला ही गावकीची फुशारकी वाटते, आणि सोलापूरकराला त्याचं हसणं अपमानाचं वाटतं. दोघंही मग मूळ प्रश्नापासून लांब जातात. लाख-सव्वा लाख वस्तीचं, गिरण्यांचं, रेल्वेच्या मोठ्या मार्गावरचं शहर साम्राज्याच्या हातून काही दिवस निसटतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि त्याला पुराव्यानं उत्तर देता येतं. माझं उत्तर असं आहे : त्या दिवसांत सोलापुरात नवं राज्य उभं राहिलं नाही, पण इंग्रजांचं राज्य थांबलं होतं, आणि ते थांबलं होतं याचा सर्वांत भक्कम पुरावा सोलापूरकरांच्या आठवणींत नाही, तो खुद्द सरकारच्या वागण्यात आहे.

प्रसंगाचा नकाशा आधी ध्यानात घ्यायला हवा. आजच्या सात रस्त्यावर उभं राहिलं तर तो बराचसा उलगडतो. एका अंगाला रेल्वे लाईन्स आणि त्यापलीकडे स्टेशन, जवळच शासकीय विश्रामगृह, एक वाट विजापूरकडे गेलेली. दुसऱ्या अंगाला रंगभवनावरून किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि त्याच्या पुढे जुन्या पेठा. अंमलदारांचं, बंगल्यांचं, मोकळ्या रस्त्यांचं सोलापूर लाईन्सच्या बाजूला, तर माग, गिरणी आणि बाजार यांचं दाट सोलापूर पेठांच्या बाजूला. या दोन गावांना जोडणारे रस्ते जोवर पोलिसांना मोकळे होते, तोवर एकाचा हुकूम दुसऱ्यात चालत होता. मे १९३० मध्ये बंद पडली ती ही ये-जा. मंगळवार पेठेतल्या चौकीपासून तुळजापूरच्या वाटेवरच्या रूपाभवानीच्या देवळापर्यंत जे घडलं, ते या दुसऱ्या गावात घडलं, आणि सरकार पहिल्या गावात आवरून बसलं.

पेठांचं हे गाव तसं जुनं आणि तसं नवंही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. लोक तिला आजही जुनी गिरणी म्हणतात. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या आणि भोंग्यावर चालणारं शहर तयार झालं. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, कानडी बोलणारे लिंगायत, मराठी कामगार, उर्दू बोलणारे मोमीन, मारवाडी आणि गुजराती व्यापारी अशी सगळी माणसं इथे एकाच पेठेत सापडत. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की पुढे फासावर गेलेल्या चौघांची नावं वाचली तरी या शहराची शिरगणती डोळ्यांपुढे येते : मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. चार घरं, चार वळणाची माणसं, एकच खटला. एखाद्या जमातीचा किंवा एका गिरणीचा दंगा म्हणून या प्रकरणाची बोळवण करायची म्हटली, तर ही यादीच आडवी येते.

१९३० साली स्वातंत्र्याची कल्पना हवेतली नव्हती. लाहोरच्या अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता आणि २६ जानेवारीला देशभर त्याची प्रतिज्ञा वाचली गेली होती. मार्च-एप्रिलमध्ये दांडीयात्रा झाली. सोलापूरला समुद्र नाही, मीठ करायची सोय नाही. म्हणून इथल्या कायदेभंगाला दुसरी वाट शोधावी लागली. ती सापडली शिंदीच्या झाडांत. शिंदी म्हणजे ताडी, ताडी म्हणजे अबकारी, आणि अबकारी म्हणजे सरकारी तिजोरी. झाड तोडलं की दारूबंदी आणि महसूलबंदी एका कुऱ्हाडीत साधत होती. याच दिवसांत नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. एक बारीकशी गोष्ट इथेच नोंदवून ठेवावी, कारण ती पुढे लागेल : तो तिरंगा आजच्या रंगांचा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यांवर चरखा असं त्या वेळच्या काँग्रेसच्या झेंड्याचं रूप होतं. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम काँग्रेसनं १९३१ च्या ऑगस्टमध्ये ठरवला. तोवर सोलापूरच्या चौघांना फाशी होऊन सात महिने उलटले होते.

५ मेच्या पहाटे, मध्यरात्र उलटल्यावर, दांडीजवळ कराडी इथे गांधीजींना अटक झाली. बातमी पोचताच सोलापुरात हरताळ पडला, गिरण्या थांबल्या आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. ८ मे, गुरुवार. लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. पोलिसांनी काहींना धरलं, जमावानं त्यांना सोडा म्हणून वाट अडवली. कलेक्टर नाइट आणि पोलिस अधिकारी तिथे आले. मल्लप्पा धनशेट्टी जमावाला शांत करण्याची खटपट करत होते, असं या दिवसाच्या आठवणी सांगतात. या ताणाताणीत हातात झेंडा घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण पोलिसांच्या गोळीनं कोसळला. त्यानंतर जमाव कुणाच्या आवरण्यातला राहिला नाही. मंगळवार पेठेतली पोलिस चौकी पेटवली गेली आणि पोलिस त्यात मारले गेले. न्यायालयाची इमारत जाळण्यात आली. गोळीबार होत राहिला आणि माणसं मरत राहिली. या दिवसाचा हिशेब एकाच रकान्यात मांडता येत नाही. शिवदारे हा हुतात्मा आहे, आणि चौकीत जळालेले शिपाईही कुणाच्या तरी घरातले, याच देशातले, पोटासाठी गणवेश घातलेले लोक होते.

त्या संध्याकाळनंतर पेठांमधले पोलिस मागे घेण्यात आले. १२ मेला, सोमवारी, शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. मधले ९, १०, ११ हे तीन दिवस धरले तर स्वातंत्र्य तीन दिवसांचं. ८ तारखेची संध्याकाळ किंवा १२ तारखेची सकाळ धरली तर चार दिवसांचं. गावातला वाद इतकाच आहे आणि तो मोजदादीचा आहे. या दिवसांत काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी सांभाळत, चौकाचौकांत उभे राहत, लोकांना शांत ठेवत, असं स्थानिक परंपरा सांगते. सरकारी बाजू सांगते की शहर जमावाच्या ताब्यात गेलं होतं. ही दोन चित्रं एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण एका मुद्द्यावर ती तंतोतंत जुळतात : पोलिस तिथे नव्हते, हुकूम चालत नव्हता, आणि जे काही चाललं होतं ते सरकारविना चाललं होतं. भांडण आहे ते या रिकाम्या जागेत काय भरलं होतं याबद्दल. जागा रिकामी झाली होती याबद्दल दोघांचंही दुमत नाही.

इथेच या प्रकरणातली सर्वांत गमतीची उलथापालथ दिसते. मार्शल लॉ म्हणजे नुसती कडक जमावबंदी नव्हे. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत तो लावायचा तर नागरी सत्ता कोलमडली, नेहमीच्या मार्गानं राज्य चालवणं अशक्य झालं, असं दाखवावं लागतं. म्हणजे सोलापुरात लष्कर आणण्यासाठी सरकारलाच सांगावं लागलं की इथे आमचं चालेनासं झालं आहे. उलट मार्शल लॉखाली शिक्षा झालेल्यांची बाजू मांडणाऱ्यांना सांगावं लागलं की इतकं काही बिघडलं नव्हतं, नेहमीचा कायदा पुरला असता. मुंबई उच्च न्यायालयात चनप्पा शांतीरप्पा या नावानं गाजलेलं प्रकरण याच गाठीवर उभं होतं : लष्करी अंमल आणण्याइतकी निकड सोलापुरात खरोखर होती का? म्हणजे १९३० साली आपली सत्ता गेली होती असं मांडण्यात सरकारचा स्वार्थ होता, आणि ती गेली नव्हती असं मांडण्यात स्वातंत्र्य मागणाऱ्यांच्या वकिलांचा. १९४७ नंतर हीच मांडणी जागा बदलून आली. सत्ता गेली होती हे म्हणणं आता सोलापूरकरांच्या अभिमानाचं झालं. साक्ष कुठलीही असो, ती कुणाच्या कामाची होती हे पाहिल्याशिवाय तिचं वजन करता येत नाही. आणि सरकारनं आपल्याच तोंडानं दिलेली कबुली स्वार्थाची असली तरी ती कबुलीच राहते.

यावर पहिला आक्षेप असा की सरकारनं पोलिस मागे घेणं ही माघार नव्हती, डावपेच होता. चिघळलेल्या पेठेत मूठभर पोलिस ठेवून आणखी रक्तपात ओढवण्यापेक्षा त्यांना बाहेर काढायचं, लष्कर येऊ द्यायचं आणि मग शहर ताब्यात घ्यायचं. या म्हणण्यात तथ्य आहे. त्याच वर्षी, सोलापूरच्या पंधरा दिवस आधी, पेशावरमध्येही हेच झालं. २३ एप्रिलला किस्साखानी बाजारात गोळीबार झाला, गढवाल रायफल्सच्या एका तुकडीनं निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला नकार दिला, आणि त्यानंतर काही दिवस सरकारनं शहरातून अंग काढून घेतलं. मे महिन्याच्या सुरुवातीला लष्करानं ते पुन्हा घेतलं. १९१९ सालच्या अमृतसरचा धडाही अधिकाऱ्यांसमोर असणार. १० एप्रिलला तिथे शहर हातातून गेलं, १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली आणि साम्राज्याला त्याची किंमत पुढची कित्येक वर्षं मोजावी लागली. तेव्हा सोलापुरात पोलिस मागे घेण्यात विचार असेल. पण डावपेच म्हणून सोडलेली जागासुद्धा सोडलेलीच असते. जी सत्ता शहरात हजर राहण्यासाठी लष्कराची वाट पाहते, ती त्या अवधीत तिथे नसते. आक्षेपानं सरकारच्या हेतूचा खुलासा होतो. त्या तीन दिवसांतल्या शहराच्या स्थितीत त्यानं काही फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राज्य थांबणं आणि स्वतंत्र होणं यांत अंतर आहे, आणि सोलापूरनं ते अंतर कापलं नाही. जगातली इतर उदाहरणं शेजारी ठेवली की हे स्पष्ट होतं. १८७१ साली पॅरिसच्या कम्यूननं बहात्तर दिवसांत निवडणूक घेतली, फर्मानं काढली, कारभाराची खाती नेमली. १९१९ च्या एप्रिलमध्ये आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात ब्रिटिश लष्करी निर्बंधांविरुद्ध कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप केला. दोन आठवडे त्यांच्या समितीनं अन्नधान्याचे भाव ठरवले, परवाने दिले आणि स्वतःच्या नोटासुद्धा छापल्या. आपल्याकडे १९४२ मध्ये आणि त्यानंतर बंगालमध्ये तामलुकला जातीय सरकार चाललं, आजच्या उत्तर प्रदेशात बलियाला चित्तू पांडे यांच्या नेतृत्वाखाली काही दिवस वेगळा अंमल बसला, आणि साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं १९४३ पासून गावोगावी न्यायदान केलं, बाजार आणि सावकारी यांच्यावर वचक ठेवला. या सगळ्यांत एक यंत्रणा होती : निवाडा करणारं कुणीतरी, दर ठरवणारं कुणीतरी, आणि ते मोडलं तर जाब विचारणारं कुणीतरी. सोलापूरच्या तीन दिवसांत असा जाहीरनामा निघाला नाही, नोट छापली नाही, न्यायासन मांडलं नाही. साताऱ्याच्या मापानं मोजलं तर सोलापूर स्वतंत्र राज्य ठरत नाही, आणि ते तसं ठरवण्याचा अट्टहासही करू नये.

पण याच तुलनेतून सोलापूरचं वेगळेपणही दिसतं. साताऱ्याचं प्रतिसरकार भूमिगत होतं. इंग्रजांचा कलेक्टर, मामलेदार आणि फौजदार आपल्या जागी असताना ते त्यांच्या पाठीमागे चाललं. लिमरिकमध्ये लष्करी निर्बंध आधी आले आणि संप नंतर. सोलापुरात उघड्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, आधी सत्ता गेली आणि नंतर लष्कर आलं. शिवाय इथे सत्ता घेण्याची तयारी कुणी केलीच नव्हती. काँग्रेसचे पुढारी कायदेभंगाला निघाले होते, राज्य चालवायला नव्हे. रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव, डॉ. अंत्रोळीकर ही त्या काळच्या सोलापूर काँग्रेसमधली ठळक नावं. त्यांच्याकडे स्वयंसेवक होते, सभा होत्या, झेंडे होते, पण कारभाराचा आराखडा नव्हता. तरीही आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. गोळीबार, चौकीची जाळपोळ, न्यायालयाची आग या साऱ्या मोठ्या घटना ८ मेच्या आहेत, म्हणजे पोलिस शहरात हजर असतानाच्या. ते निघून गेल्यानंतर लाखभर लोकांचं शहर, गिरण्या बंद, पगार थांबलेले, डोक्यात राग, अशा अवस्थेत तीन दिवस राहिलं आणि तरी त्या दिवसांच्या नावावर ८ मेसारखा दुसरा दिवस लागला नाही. हे आपोआप झालं नसणार. कुणी चौकात उभं राहिलं असणार, कुणी दुकानदाराला धीर दिला असणार, कुणी तापलेल्या पोराला घरी धाडलं असणार. स्वयंसेवकांनी रहदारी सांभाळल्याची आठवण म्हणूनच भाबडी ठरवून सोडून देता येत नाही.

जमावाचं राज्य या सरकारी वर्णनाची खरी परीक्षा मार्शल लॉच्या कामगिरीत होते. लष्कर कशासाठी आणलं? उत्तर तयार होतं : जाळपोळ आणि खून थांबवण्यासाठी. पण जाळपोळ ८ तारखेची आणि मार्शल लॉ १२ तारखेचा. सुमारे सात आठवडे, ३० जूनपर्यंत, तो चालला. त्या काळात लष्कराचा रोख कशावर होता ते पाहावं. तिरंगा बाळगणं गुन्हा ठरला आणि त्याला कित्येक वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. गांधी टोपी सैनिकांच्या डोळ्यांत खुपली. पालिकेच्या इमारतीवरचा झेंडा उतरवण्यावरून कारवाई झाली. 'कर्मयोगी' पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना सक्तमजुरी आणि जबर दंड झाला. गुन्हा कुऱ्हाडीचा किंवा काडेपेटीचा नव्हता, छापील मजकुराचा होता. आणि खुनाचं काय? चौकीतल्या पोलिसांच्या हत्येबद्दल धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा यांच्यावर जो खटला चालला, तो नेहमीच्या फौजदारी मार्गानं चालला : सत्र न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालय. म्हणजे माणसं मारल्याच्या आरोपाला नेहमीचा कायदा पुरला; पुरला नाही तो झेंड्याला, टोपीला आणि वर्तमानपत्राला. ज्या गोष्टीसाठी खास कायदा लागतो, तीच सरकारला खरी धोक्याची वाटत असते. इथे धोका होता तो आपल्या हुकुमाशिवाय शहर चालू शकतं हे लोकांच्या डोळ्यांसमोर येण्याचा. झेंडा त्याचीच खूण होता.

तिसरा आक्षेप आठवणींच्या विश्वासार्हतेचा. १९४७ नंतर प्रत्येक गावानं आपल्या वाट्याचं स्वातंत्र्य शोधलं, आणि त्यात थोडी भर घातली. सोलापूरनंही तेच केलं असणार, असं कुणी म्हणेल. हे मान्य करायला हरकत नाही. झेंड्याच्या रंगांचं उदाहरण वर दिलंच आहे. आज या प्रसंगाचं चित्र काढायला सांगितलं तर चित्रकार शिवदारेंच्या हातात केशरी पट्ट्याचा झेंडा देईल, आणि ते चूक असूनही कुणाला खटकणार नाही, कारण आठवण जुन्या गोष्टींना नव्या रंगांत रंगवते. तिचं कामच ते आहे. तीन की चार दिवस, हा घोळही याच जातीचा. पण आठवणीनं रंग बदलले म्हणून झेंडा नव्हताच असं होत नाही. उलट काही गोष्टी कागदानं गाळल्या आणि आठवणीनं राखल्या आहेत. सरकारी दप्तराला चौकात उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकाची नोंद ठेवण्यात रस नव्हता, कारण त्या नोंदीनं मार्शल लॉची गरज कमी झाली असती. ही नोंद फक्त गावाकडे राहिली. तेव्हा कागदाला आठवणीनं तपासायचं आणि आठवणीला कागदानं. एकाच्या भरवशावर दुसऱ्याला खोटं पाडायचं नाही, इतकं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

खटल्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. धनशेट्टी यांनी ८ मेला जमाव आवरण्याची खटपट केली, ही आठवण आणि ते खुनाच्या आरोपाखाली फासावर गेले, हा निकाल, यांतली विसंगती सोलापूरला कधीच पचली नाही. कुर्बान हुसेन 'गझनफर' हे पत्र चालवणारे तरुण कामगार कार्यकर्ते. शिंदे आणि सारडा काँग्रेसच्या चळवळीतले. यांनी त्या दिवशी नेमकं काय केलं किंवा केलं नाही हा न्यायालयीन पुराव्याचा प्रश्न आहे, पण चौघांची निवड गावानं एका अर्थानंच वाचली : चळवळीतल्या माणसांना शिक्षा देऊन साऱ्या शहराला समज दिली गेली. शहरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांमागे हे वाचन उभं आहे. हुतात्म्यांच्या आदरात आणि चौकीतल्या शिपायांच्या मृत्यूबद्दलच्या खेदात विरोध नाही, आणि एक सांगताना दुसरं लपवण्याची गरजही नाही. सोलापूरची बाजू त्या शिपायांना वगळून मांडली तर ती दुबळी होते, कारण मग समोरचा त्यांचंच नाव घेऊन सारा प्रसंग दंगलीत काढतो. त्यांना धरून मांडली तर प्रश्न उरतो तो मोठा : एका दिवसाचा उद्रेक आणि त्यानंतरचे सरकारविना गेलेले दिवस यांतलं सरकारला अधिक काय लागलं?

आता मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ देता येईल. सोलापूर मे १९३० मध्ये स्वतंत्र राज्य झालं होतं का? नाही. कारभार करणारं मंडळ, निवाडा देणारी जागा, आपलं म्हणून मांडलेलं कायद्याचं रूप, यांपैकी काही तिथे नव्हतं. सोलापूर त्या दिवसांत इंग्रजांच्या राज्यात होतं का? तेही नाही, तसं असतं तर मार्शल लॉ लागला नसता, आणि तो का लागला याचं समर्थन करताना सरकारनं जे सांगितलं ते खोटं ठरलं असतं. या दोन नकारांच्या मधल्या दिवसांना गाव स्वातंत्र्य म्हणतं, आणि त्याला ते म्हणण्याचा अधिकार आहे, फक्त त्यावर नोटा छापणाऱ्या लिमरिकचा किंवा न्याय करणाऱ्या साताऱ्याचा शिक्का मारू नये. सोलापूरचा धडा वेगळा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. लाखभर वस्तीच्या शहरावरचं राज्य मुळात मूठभर पोलिसांवर आणि हजारो लोकांच्या रोजच्या मुकाट्यानं मानण्यावर चालत होतं. हे मानणं थांबलं तेव्हा ते राज्य एका संध्याकाळी मागे हटलं. परत आणायला मात्र लष्कर, सात आठवड्यांचा मार्शल लॉ, संपादकाचा तुरुंग आणि चार फाशा लागल्या. गांधींच्या चळवळीचं सारं गणित याच असमतोलावर मांडलेलं होतं, आणि त्या गणिताचा ताळा देशात फार थोड्या ठिकाणी इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे पाहायला मिळाला. म्हणून सोलापूरकरानं किती दिवस यावर वाद घालण्यापेक्षा, ते दिवस संपवायला सरकारला किती खर्च आला हे सांगावं. हसणाऱ्या पाहुण्याला दुसरं काही पटवून द्यावं लागणार नाही.